कालव्याला कुलूप

‘या कालव्यास जागोजागी कुलपे होती.’

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता. त्याच्या गाइडमध्ये हे वाक्य होतं. मी ते पाठ केलं होतं. महत्त्वाचं वाटलं म्हणून त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघही ओढली होती. कालव्याला कुलूप कसं लावतात, हा प्रश्न मला पडला नाही. वर्गात कोणालाच पडला नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि छापलेलं असतं ते खरं असतं, एवढ्याच भरवशावर मी तिथं बसलो होतो.

खिल्लारे सर आले तेव्हा कॉलेज सुरू होऊन महिना झाला होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, खेड्यांतली पोरं कॉलेजात यायला लागली होती. सर आमच्यापेक्षा फार मोठे नव्हते. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि शर्टाचा खिसा कायम खडूनं भरलेला. फळा पुसायला डस्टर असलं तरी ते तळहातानं पुसायचे आणि मग तोच हात कपाळावर फिरवायचे. तासाच्या शेवटी त्यांच्या कपाळावर पांढरा पट्टा उमटलेला असायचा. त्यांना कोणी ते सांगत नसे.

हजेरी झाल्यावर त्यांनी प्रत्येकाला गाव विचारलं आणि त्या दिवसापासून आम्हाला गावाच्याच नावानं हाक मारली. मी जवळा बाजारच्या शेजारच्या एका वस्तीवरचा, पण ते नाव कोणाला माहीत असणार म्हणून मी ‘जवळा बाजार’ झालो. नामदेव म्हणून माझा एक मित्र होता, तो ‘गोरेगाव’ झाला. गाव कळलं की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असायचा, “गावाला काय येतं?” म्हणजे एस.टी. येते, जीप येते, की नुसती बैलगाडी. पावसाळ्यात कोणता ओढा आडवा येतो, मीठ कुठून येतं, सरकी कुठं जाते. आम्हाला वाटलं, हे इतिहासाचे का भूगोलाचे?

मग त्यांनी गाइड उघडायला सांगितलं. मी उभा राहून वाचलं. ‘या कालव्यास जागोजागी कुलपे होती.’

“थांब,” सर म्हणाले. “चावी कोणाजवळ होती?”

चेष्टा आहे की प्रश्न, हेच कळेना. नामदेव मात्र विचार करून उठला.

“तहसीलदाराजवळ असंल, सर.”

सगळे हसले. सर हसले नाहीत. “बराबर आहे त्याचं,” ते म्हणाले. “कुलूप लिहिलंय तर चावी विचारलीच पाहिजे. तुम्ही बाकीच्यांनी काहून विचारली नाही?”

ते कुलूप म्हणजे इंग्रजीतला ‘लॉक’ होता. कालव्यातून चालणारी होडी खालच्या पातळीवरून वर चढवायची सोय. गाइड लिहिणाऱ्यानं शब्दकोश उघडून पहिला अर्थ उचलला होता. सरांनी फळ्यावर होडी काढली, दोन दारं काढली, बाण काढले. त्यांना चित्र अजिबात काढता येत नसे. ती होडी दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यासारखी दिसत होती. दोनदा पुसून तिसऱ्यांदा काढली. शेवटी खडू खिशात टाकून म्हणाले, “मी पण पाहिलं नाही रे कधी. समुद्रही पाहिला नाही. बघू, काय करता येईल.”

शिक्षकानं ‘मला माहीत नाही’ म्हणावं हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यांची जागा तात्पुरती आहे हे आम्हाला ऑफिसातल्या हेडक्लार्कनं सांगितलं. आदल्या वर्षी या पेपराला अर्धं वर्ष कोणी शिकवायलाच नव्हतं आणि बहुतेक पोरं नापास झाली होती. यंदाही तसंच झालं तर पेपर बंद आणि सरही बंद, असं प्राचार्यांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे सरांनी बायको आणि मुलगी सासरवाडीला ठेवली होती. मार्चनंतर हिंगोलीत राहायचं की नाही हेच ठरलेलं नव्हतं. शिवाय खोली मिळायलाही तकलीफ झाली. विचारायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव कळल्यावर खोली कालच गेलेली असायची. शेवटी स्टेशनच्या मागं एक खोली मिळाली. सर हे सगळं आमच्याशी कधी बोलले नाहीत. मला हे नामदेवकडून कळलं, त्यानं खोली शोधायला त्यांच्याबरोबर पायपीट केली होती.

सरांबरोबर चहाला जाणं हा एक प्रकार असायचा. बशीत चहा ओतला की ते बशीकडं बघत बसायचे. “साखर आली कशी? चहापत्ती आली कशी? गोरेगाव, सांग.” नामदेव सांगायला लागायचा: ट्रक, रेल्वे, गोदाम. “त्याच्या आधी?” बैलगाडी. “त्याच्या आधी?” हॉटेलवाला वैतागायचा. “सर, प्या की आता. ती कशीबी आली आसंल, थंड होऊन राहिली ना.”

पण अमेरिकेचा इतिहास त्यांनी आम्हाला असाच शिकवला, बशीतल्या साखरेसारखा. तिकडं डोंगराच्या पलीकडं शेतकरी गेले, जमीन काळी, पीक अमाप, आणि विकायचं बंदर डोंगराच्या अलीकडं. रस्ता चिखलाचा. गाडीभाडंच धान्यापेक्षा जड. मग ते काय करायचे? सर थांबायचे. आम्ही अंदाज करायचो. कोणी म्हणालं, पेरणंच सोडलं असेल. “धान्याची दारू गाळून पाठवायचे,” सर म्हणाले. “गाडीभर धान्याची चार पिंपं. वजन कमी, भाव जास्त.” मागच्या बाकावरून आवाज आला, “मंग आमच्या गावचे लोक अमेरिकनच हायत, सर.”

नदीनं खाली जायला सपाट होडी असायची. माल भरायचा, प्रवाह नेईल तसं महिनोन्‌महिने जायचं. खालच्या शहरात माल विकायचा आणि होडीही मोडून लाकडाच्या भावानं विकायची. मग पायी घरी.

“होडी काहून इकायची?” नामदेवला ते फार लागलं. “म्हंजे बाजारात गाडीबैल इकून चालत घरी येनं झालं.”

“वर आणणार कशी? नदी उलटी वाहते का?”

“न्हाई.”

“मग? उलटं जायला काय पाहिजे?”

त्याच्या पुढच्या शनिवारी सर आम्हाला आगीनबोट दाखवायला घेऊन गेले. म्हणजे रेल्वे स्टेशनवर. आगीनबोट हा शब्द ऐकून मला वाटायचं, आग लागलेली बोट. सर म्हणाले, आगीनगाडी माहीत आहे ना, तीच पाण्यावर. फलाटाच्या टोकाला इंजिन पाणी घेत उभं होतं. सरांनी ड्रायव्हरला नमस्कार केला आणि वाफ कुठून निघते, दाब वाढला तर काय होतं, असं एकेक विचारायला सुरुवात केली. ड्रायव्हर हिंदी बोलणारा, पोट सुटलेला, मजेदार माणूस होता. इंजिनावर वाफ सोडणारी एक झडप होती. सरांनी तिच्याकडं बोट दाखवलं.

“इसको बांध दिया तो?”

“तो मास्टरजी, आप भी ऊपर, मैं भी ऊपर, और ये आधी हिंगोली भी ऊपर.”

सर आमच्याकडं वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. “ऐकलं? तिकडं शर्यत लागली की असं करायचे. झडपेवर वजन ठेवायचे, वाफ कोंडायचे. कितीतरी बोटी फुटल्या, माणसं मेली. तरी करायचे. काहून?”

“आमच्या जीपवाल्यावानी, सर,” नामदेव म्हणाला. “गोरेगावच्या फाट्यावर आधी जो पोचंल, सवारी त्याची. ब्रेक असो का नसो.”

सरांनी खिशातला खडू काढला, लिहायला फळा नाही हे लक्षात आलं, आणि परत ठेवला. “हे गाइडात नाही,” ते म्हणाले. “हे तू पेपरात लिही.”

प्राचार्यांपर्यंत हे गेलं. त्यांनी सरांना बोलावून घेतलं. मी तेव्हा फीच्या पावतीसाठी बाहेर उभा होतो, दार उघडं होतं. “खिल्लारे, पोरांना स्टेशनवर काय नेता? पोर्शन कधी संपवणार? गाइड घोकून घ्या त्यांच्याकडून. पास तरी होतील. तुमच्याच भल्याचं सांगतोय.” प्राचार्य वाईट नव्हते, त्यांचा आवाजही चढलेला नव्हता. सर “हो सर” म्हणाले. बाहेर आले, मला बघितलं आणि विचारलं, “जवळा बाजार, तुमच्या शिवारातून क्यानल जातो ना?”

आमच्याकडं कालवा म्हणत नाहीत, क्यानल म्हणतात. धरणाचं पाणी घेऊन तो काही वर्षांपूर्वीच आमच्या शिवारात आला होता, आणि क्यानल म्हणजे पिकाला पाणी, दुसरा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता. होड्या चालवायला कोणी एवढं खोदून पाणी आणतं, हे तर माझ्या वडिलांना पटलंच नाही. “आन् काठावरच्या लोकानं काय करायचं? पान्याकडं बघत बसायचं?”

सर आले ते रविवारी, एस.टी.नं, नामदेव आणि आणखी तिघाचौघांना घेऊन. वडिलांनी रीतीप्रमाणं विचारलं, “मास्तर, तुमी कोनाचे?” हा प्रश्न कशासाठी असतो हे सगळ्यांना माहीत होतं. मी जमिनीकडं बघत राहिलो.

“मी इतिहासाचा,” सर म्हणाले.

वडिलांनी ओसरीत घोंगडी अंथरली. मग म्हणाले, “बसा. आधी भाकर खाऊन घ्या.” सर आमच्याबरोबरच ओसरीत जेवले. मला तेव्हा कसं वाटलं ते नीट लिहिता येत नाही.

चुलत्यांच्या गुऱ्हाळात गूळ करायची मोठी काहील होती. उसाचा हंगाम सुरू व्हायचा होता, ती रिकामी पडली होती. सरांनी ती मागितली. चुलत्यांना वाटलं, कॉलेजात गूळ करणार आहेत. सहा जणांनी ती उचलून क्यानलवर नेली आणि पाण्यात सोडली. ती तरंगली. मग तिच्यात ज्वारीचं एक पोतं ठेवलं, दुसरं ठेवलं. चुलते काठावरून ओरडत होते, “भिजलं तर कॉलेज भरून देनार हाय का?” पाच पोती झाली तरी काहील काठापर्यंत बुडाली नाही. सरांनी बैलाचा कासरा तिच्या कडीला बांधला, दुसरं टोक नामदेवच्या खांद्यावर दिलं आणि म्हणाले, “चल.”

नामदेव काठानं चालायला लागला आणि पाच पोती त्याच्या मागं निघाली. काहील गोल असल्यानं ती जाता जाता स्वतःभोवती फिरत होती, पण जात होती. नामदेव मधेच थांबून मागं बघायचा, खरंच येतंय का म्हणून. गावातली लेकरं बरोबर पळत होती. सरांनी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि ते काठावरून उलटे चालत आम्हाला सांगत होते, “एक माणूस! पाच पोती! तिथं खेचर असायचं, काठानं चालायचं, आणि मागं घराएवढी होडी. बराबर? लोक आधी हसले होते, तिथल्या राज्यपालानं नाला खोदला म्हणून. आणि त्याच नाल्यानं—” एवढं म्हणून ते बाभळीच्या फांदीला अडकले.

पुढं क्यानलला गेट होतं. तिथं पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा सरकारी माणूस, हातात काठी घेऊन उभा होता. “काय लावलंय? कोनाच्या हुकमानं? क्यानलमधी काहील?”

“अमेरिका चालूय,” नामदेव म्हणाला आणि एकदम कासरा सोडून गेटकडं धावला. काहील आम्ही कशीबशी धरली. “सर! सर, हितं या! हे बघा!”

गेटच्या चाकाला साखळी होती आणि साखळीला पितळी कुलूप. रात्री कोणी पाणी चोरू नये म्हणून.

“कालव्याला कुलूप! आन् चावी ह्याच्याजवळ! मी काय म्हनलं व्हतं?”

पाटकऱ्यानं नकळत कमरेची चावी हातानं झाकली. सर कुलपाकडं बघत राहिले, आणि मग त्यांना हसू आवरेना. ते काठावर मटकन बसले. “गोरेगाव,” ते डोळे पुसत म्हणाले, “गाइड लिहिणारा ह्याच शिवारातला असणार. बिचारा खोटं लिहीत नव्हता रे. त्यानं जो क्यानल पाहिला, तोच लिहिला.”

त्या दुपारी आमच्या शेतातल्या उताराच्या चारीत, म्हणजे पाण्याच्या पाटात, सरांनी दोन फळ्या आडव्या रोवल्या. दोन फळ्यांच्या मध्ये पळसाच्या पानाचा द्रोण सोडला. खालची फळी बंद ठेवून वरची जरा उचलली. पाणी आत येत गेलं, साठत गेलं, आणि द्रोण कोणी हात न लावता हळूहळू वर आला. वरच्या पाण्याच्या बरोबरीला आल्यावर सरांनी वरची फळी काढली आणि बोटानं द्रोण पुढं ढकलला. तो वरच्या चारीत निघून गेला.

वडील फावड्यावर हात ठेवून बघत होते. “कोंडलं की वर येतंय,” ते म्हणाले.

“कोंडी!” सरांनी ओल्या हातानं कपाळ पुसलं. “काका, हाच शब्द. पाण्याची कोंडी.”

त्या दिवसापासून आमच्या वर्गात लॉकला कोंडी म्हणायला लागले. पण परीक्षा जवळ आली तशी भीती वाटू लागली. पेपर तपासणारे कुठले कोण असणार. त्यांच्याजवळ गाइड असलं तर? ‘कोंडीमुळे वाहतूक सुरू झाली’ असं वाचून ते काय म्हणतील? कोंडी झाली की वाहतूक थांबते, एवढं कोणालाही कळतं. शेवटच्या तासाला नामदेवनंच विचारलं.

“सर, कुलूप लिवावं का कोंडी? खरं सांगा. आमी नापास झालो तर चालंल, पुन्हा बसू. पन मंग तुमी...”

सरांनी हातातला खडू बराच वेळ फिरवला. तेव्हा मला वाटलं, आता ते कुलूप म्हणतील, आणि म्हणायलाही पाहिजे होतं. स्टेशनमागच्या खोलीत एकटं राहून त्यांनी वर्ष काढलं होतं.

“तपासणारे सरसुद्धा तुझ्यासारखेच असतील,” ते म्हणाले. “त्यांनीही लॉक पाहिला नसणार. तू पाहिलास. मग त्यांना क्यानलवर घेऊन जा. आधी ‘लॉक’ लिही, पुढं ‘म्हणजे पाण्याची कोंडी’ लिही, आणि द्रोण कसा वर आला ते तीन ओळींत सांग. आणि ज्याला कुलूपच लिहायचंय त्यानं लिहावं. फक्त चावी कोणाजवळ होती तेही लिहावं.”

वर्ग हसला. सरांनी फळा तळहातानं पुसला आणि गेले. हसलो तरी आम्ही उठलो नाही, बसून राहिलो.

पेपरात कालवे आणि आगबोटींवर प्रश्न आला. मी ‘लॉक’पर्यंत आलो आणि थांबलो. माझ्या शेजारच्या रांगेत नामदेव मान खाली घालून लिहीत होता, मधेच खांदा उडवत होता, कासरा अजून खांद्यावर असल्यासारखा. मग मीही लिहिलं. द्रोणाबद्दल लिहिलं, काहिलीबद्दलही लिहिलं. शहरातल्या माणसाला काहील कळेल की नाही, याची शंका आली म्हणून ‘गूळ करण्याची मोठी कढई’ असंही लिहिलं.

निकाल लागला तेव्हा खरिपाच्या पेरण्या चालू होत्या. मार्कमेमो घ्यायला मी कॉलेजात गेलो. हेडक्लार्कनं खिडकीतून कागद सरकवला आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, “तुमच्या पेपराला एकच जन नापास. त्यो परीक्षेलाच नव्हता आला. पेपर चालू राहिला. खिल्लारे सरांची ऑर्डर परवा निघाली, कायमची.” नामदेवला त्या पेपरात सगळ्यांत जास्त मार्क होते. तो स्वतः आला नव्हता, तिफणीवर होता.

सरांना भेटावं म्हणून मी स्टेशनच्या मागं गेलो. जाताना काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. आभार मानतो, असं म्हणावं का, की नुसता नमस्कार करावा.

गल्लीच्या तोंडाशी, सरांच्या दारापुढं, एक बैलगाडी येऊन उभी होती. तिच्यात लोखंडी खाट, स्टोव्ह, पिठाचा डबा, शिलाई मशीन आणि सगळ्यांच्या वर गाद्यांची वळकटी होती. वळकटीवर तीन-चार वर्षांची एक मुलगी बसली होती. गाडीजवळ एक बाई उभ्या होत्या, पदर खोचलेला, हातात कंदील. “अहो, आधी तिला उतरवा, मंग मशीनला हात लावा,” त्या म्हणत होत्या. “केव्हाची बसलीय तितं.”

सर गाडीला लागून दोन्ही हात वर करून उभे होते.

“ये.”

“न्हाई.”

“काहून गं?”

“हितून समदं दिसतंय.”

गाडीवान बैलांना गोंजारत हसला. सरांच्या बायकोनं कंदील उंबऱ्यावर ठेवला आणि त्या आत गेल्या. मी दोन पावलं पुढं झालो होतो, तिथंच थांबलो. मार्कमेमो घडी करून खिशात ठेवला. मुलगी इकडं तिकडं बघत होती, रुळांकडं, सिग्नलकडं, कौलांवरच्या धुराकडं, आणि तिला मुळीच उतरायचं नव्हतं.

सर तिला पुन्हा बोलावत नव्हते. हात वर करून ते तसेच उभे होते, कुठंच जायचं नसल्यासारखे.